मित्रमैत्रिणींसोबत वीकेंडचा ब्रंच: आधी काय ठरवायचं आणि टेबलावर कसं निवांत बसायचं

‘एकदा निवांत भेटू या’ हे वाक्य मित्रमंडळींच्या ग्रुपवर महिनोन्‌महिने फिरत राहतं आणि भेट काही होत नाही. संध्याकाळचं ठरवावं तर कुणी दिवसभराच्या कामाने दमलेलं असतं, कुणाच्या घरी लहान मुलाची झोपायची वेळ झालेली असते, कुणाला रात्रीच्या परतीची काळजी असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी उशिरा ब्रंचला, म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण एकत्र उरकणाऱ्या खाण्याला भेटलं की यातल्या बऱ्याच अडचणी उरतच नाहीत. झोप झालेली असते, डोकं ताजं असतं आणि संध्याकाळ घरच्यांसाठी मोकळी राहते. १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने रविवारच्या उशिराच्या न्याहारीची बाजू मांडली, तेव्हा त्याचाही मुद्दा हाच होता: या वेळेला माणसं खुशीत असतात आणि बोलती होतात.

मात्र नेमकी हीच वेळ हॉटेलांच्या गर्दीची असते आणि सगळ्यांची पोटं रिकामी असतात. अशा वेळी ‘कुठे बसू या?’, ‘काय घेऊ या?’, ‘कोण किती देणार?’ हे प्रश्न जागेवर सुटत नाहीत, चिडचिड तेवढी होते. म्हणून माझं ठाम मत आहे की ठरवण्यासारखं जे जे आहे ते आदल्या आठवड्यातच ठरवून टाकावं. बाहेरून ही शिस्त वाटेल, पण टेबलावरचा निवांतपणा तिच्यातूनच येतो.

किती जण?

पहिला निर्णय माणसांचा, जागेचा नंतर. माझ्या मते चार ते सहा हा आकडा उत्तम. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत गप्पा मारणाऱ्या माणसांच्या घोळक्यांची निरीक्षणं केली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवं-सहावं माणूस आलं की थोड्या वेळात त्या गप्पांचे दोन तुकडे होतात. सहा जणांत तीन-तीनचे किंवा चार-दोनचे गट पडतात आणि परत एकत्रही येतात. आठ-दहा जण झाले, की टेबलाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भेटी चालू असतात आणि मधला माणूस दोन्हींतून निसटतो.

ग्रुप मोठाच असेल तर कुणाला वगळून मनं दुखवू नका. दोन टेबलं घ्या आणि खाणं अर्धं झालं की दोघा-तिघांनी जागा बदला. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: जोडीदार, मुलं किंवा कुणाचा पाहुणा येणार आहे का? ‘तिलाही घेऊन आलो’ हे दारात कळलं तर चौघांच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या कोंबाव्या लागतात. मुलं येणार असतील तर ती भेट वेगळ्या प्रकारची होते, तिची वेळही लवकरची हवी आणि जागाही मोकळी.

तारीख आणि वेळ

‘कधी जमेल सगळ्यांना?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारूच नका. सहा माणसं सहा तारखा सुचवतात आणि विषय मागे पडतो. एकाने पुढाकार घ्यावा आणि नेमके दोन पर्याय द्यावेत: या शनिवारी साडेदहा की पुढच्या रविवारी साडेदहा? बुधवारी रात्रीपर्यंत सांगा. ज्या दिवशी जास्त जणांना जमतं तो दिवस पक्का. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सगळ्यांची तारीख पुन्हापुन्हा हलवत बसू नये, त्यांना पुढच्या वेळी आधी विचारावं. सगळ्यांना जमेल अशी तारीख शोधण्याच्या नादात कितीतरी भेटी राहून जातात.

शनिवार की रविवार, यात माझा कौल शनिवारला. दुसऱ्या दिवशीही सुट्टी असते, त्यामुळे कुणाचं लक्ष घड्याळाकडे नसतं. रविवारी दुपारी दोननंतर ज्याच्या त्याच्या डोक्यात सोमवार शिरू लागतो. वेळेचं म्हणाल तर गर्दीचा जोर बहुतेक ठिकाणी अकरा ते एक असा असतो. साडेदहाला टेबलावर बसलात तर स्वयंपाकघरावर ताण यायच्या आत तुमची ऑर्डर आत गेलेली असते. उशिरा उठणारी मंडळी असतील तर साडेबारा-एकची वेळ घ्या, तेव्हा पहिली लाट ओसरू लागलेली असते. पण ब्रंचचा मेन्यू किती वाजेपर्यंत मिळतो हे विचारून घ्या. साडेअकरा ही वेळ सगळ्यांना सोयीची वाटते, म्हणूनच ती टाळावी.

जागा निवडताना

खाणं चांगलं हवंच, पण गप्पांसाठी भेटत असाल तर आधी आवाजाचा विचार करा. उघड्या काँक्रीटच्या भिंती, काचा, उंच छत आणि कुठेही पडदा किंवा गादी नाही अशा जागेत आवाज घुमतो. शेजारच्या टेबलाचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, म्हणून आपण आवाज चढवतो, मग तेही चढवतात. अर्ध्या तासात सगळे ओरडत असतात. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं किंवा गोंगाटात थकायला होतं त्यांच्यासाठी तर दोन तास फुकट जातात. जागेचे फोटो बघताना ताटांइतकंच भिंतींकडे आणि छताकडे लक्ष द्या. अंगणात किंवा गच्चीवर टेबलं असतील तर उत्तम, मात्र साडेदहाची सावली साडेबाराला सरकलेली असते हे लक्षात घ्या.

टेबलाचा आकारही महत्त्वाचा. पाच-सहा जणांना गोल टेबल मिळालं तर सगळे एकमेकांना दिसतात. लांबट टेबलावर टोकाचा माणूस शेजाऱ्यापुरताच उरतो.

अंतराच्या बाबतीत न्याय हवा. जागा दर वेळी एकाच्याच घराजवळ असेल तर लांबून येणारा हळूहळू ‘नाही जमणार’ म्हणू लागतो, आणि कारण कधी सांगत नाही. जिने, चाकाची खुर्ची, बाळाची ढकलगाडी, गुडघेदुखी, पार्किंग, स्टेशन किंवा बसथांब्यापासूनचं चालणं, यांपैकी तुमच्या मंडळींना जे लागू असेल ते आधी तपासा. ज्याला गरज आहे त्याला ग्रुपवर मागावं लागू नये, पुढाकार घेणाऱ्याने स्वतःच विचारावं.

मग फोन करा. ऑनलाइन बुकिंग झालं असलं तरी फोन करावा, कारण पुढच्या गोष्टी ॲपवर कळत नाहीत:

- टेबल किती वेळासाठी मिळेल? गर्दीच्या दिवशी अनेक ठिकाणी दीड किंवा दोन तासांची मर्यादा असते.
- सगळे आल्याशिवाय बसू देतात का? बऱ्याच जागी नाही.
- उशीर झाला तर टेबल किती मिनिटं राखून ठेवतात?
- बिल वेगवेगळं करून मिळतं का?
- सेवाशुल्क बिलात आधीच धरलेलं असतं का?
- त्या दिवशी पूर्ण मेन्यू आहे, मोजकाच आहे, की बुफे?

दीड तासाची मर्यादा कळली आणि तुम्हाला तीन तास बसायचं असेल, तर दुसरी जागा शोधा किंवा नंतर कुठे जाऊन बसायचं ते आत्ताच ठरवा. जिथे बुकिंगच घेत नाहीत तिथे दोघांनी वीस मिनिटं आधी जाऊन नाव लिहावं. हे काम दर वेळी एकाच्याच गळ्यात मारू नये.

पथ्यं आणि ॲलर्जी

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ब्रंचच्या ताटात अंडी, दूध-लोणी, गहू आणि सुकामेवा या चारही गोष्टी सर्रास असतात आणि नेमक्या याच गोष्टींची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. त्यातही त्या लपलेल्या असतात. ऑम्लेट छान फुगावं म्हणून काही ठिकाणी त्यात पॅनकेकचं पीठ घालतात, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्या माणसाला साधं ऑम्लेटही चालत नाही. पॅनकेक आणि अंडी बऱ्याचदा एकाच तव्यावर होतात. ब्लडी मेरी या व्होडकाच्या कॉकटेलमध्ये पडणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये मूळ कृतीप्रमाणे अँचोव्ही हे मासे असतात, म्हणजे टोमॅटोच्या रसाचं ते पेय शाकाहारी असेलच असं नाही. जेलीसारख्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं आणि तेही प्राणिजन्य असतं.

म्हणून ग्रुपवर एक साधा प्रश्न टाका: ‘कुणाला काय चालत नाही?’ आवड, व्रत, ॲलर्जी, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य, सगळं त्यात आलं. ॲलर्जी असेल तर ती बुकिंगच्या वेळी सांगा आणि ऑर्डर देताना पुन्हा सांगा. ‘मला आवडत नाही’ असं मोघम न बोलता ‘मला ॲलर्जी आहे’ असं स्पष्ट म्हणा, म्हणजे स्वयंपाकघर भांडी आणि तवा वेगळा ठेवायचा विचार करतं.

अंड्यांबद्दल थोडं. पातळ पिवळा बलक ही या जेवणाची शान आहे, पण साल्मोनेला या आजारी पाडणाऱ्या जिवाणूचा धोका टळायला अंड्याच्या पदार्थाचं तापमान साधारण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं आणि पातळ बलक तिथवर गेलेला नसतो. एग्ज बेनेडिक्ट म्हणजे पावावर ठेवलेली अंडी, त्यांच्यावरच्या हॉलंडेज सॉसची गोष्टही अशीच आहे. कच्चे बलक, वितळलेलं लोणी आणि लिंबू यांचा तो सॉस जास्त तापवला तर फाटतो, म्हणून तो कोमटच ठेवतात. धडधाकट माणसाने चांगल्या जागी तो खुशाल खावा. गरोदर मैत्रीण, खूप लहान मूल, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस सोबत असेल तर त्यांनी पूर्ण शिजलेलं अंडं मागवावं.

बुफे असेल तर गरम पदार्थ खरोखर गरम आहेत का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावं, आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानात २ तासांहून जास्त राहू नये. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल तर ताजी खेप येईपर्यंत थांबा.

त्या दिवशी सकाळी

ब्रंच साडेबाराला आहे म्हणून आठला उठून कडकडीत उपाशी राहू नका. एखादं फळ, मूठभर दाणे किंवा दोन घास काहीतरी खाऊन निघा. भुकेने कावलेला माणूस गरजेपेक्षा दुप्पट मागवतो आणि वेटरवर चिडतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे पथ्यच समजा. जेवण लांबलं तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, त्यामुळे डोस आणि खाण्याची वेळ याबद्दल त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं आणि टेबल मिळायला उशीर होतोय असं दिसलं तर बाकीच्यांनी त्यांच्यासाठी काहीतरी खायला मागवावं.

कपडे तुम्हाला हवे तसे. फक्त दोन-अडीच तास आरामात बसता येईल असे घाला.

बसायचं कसं, मागवायचं कसं

सगळ्यात बोलक्या दोघांना शेजारीशेजारी बसवू नका, समोरासमोर बसवा, म्हणजे मधली माणसं गप्पांत आपोआप येतात. पहिल्यांदाच आलेल्या किंवा अबोल माणसाला मधली जागा द्या, आणि त्याला ओळखणारा कुणीतरी त्याच्या शेजारी हवा. कमी ऐकू येणाऱ्याची पाठ भिंतीकडे आणि चांगला कान मंडळींकडे असावा.

बसल्याबसल्या पाणी, चहा-कॉफी आणि सगळ्यांना मिळून एखादी छोटी डिश मागवून टाका. पोटात काहीतरी गेलं की मेन्यू शांतपणे वाचला जातो, आणि उशिरा येणाऱ्याची वाट बघणंही सुसह्य होतं. त्याच्यासाठी एक मर्यादा ठरवा. पंधरा-वीस मिनिटांनंतर मुख्य ऑर्डर देऊन टाकायची आणि त्याचं काय ते फोनवर विचारून घ्यायचं. वेळेवर आलेल्यांना उपाशी ठेवणं बरोबर नाही.

मेन्यू आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकला असेल तर निम्मं काम झालेलं असतं. ऑर्डर सगळ्यांची एकदमच द्या. यामागे स्वयंपाकघराचं गणित आहे. अंड्याचे पदार्थ आधी करून ठेवता येत नाहीत. पोच केलेलं, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं तीन-चार मिनिटांत तयार होतं आणि जवळजवळ तितक्याच वेळात गार होतं. सहा जणांनी सहा तऱ्हांची अंडी मागवली, त्यातही प्रत्येकाने ‘हे काढा, ते घाला’ केलं, तर पहिली प्लेट शेवटच्या प्लेटची वाट बघत आतच पडून राहते. ‘जसं तयार होईल तसं आणा’ असं वेटरला सांगितलं तर प्रत्येकाला गरम मिळतं. मग ज्याचं येईल त्याने खायला सुरुवात करावी आणि बाकीच्यांनीच त्याला तसा आग्रह करावा.

काय मागवावं याचा माझा साधा हिशेब असा: तिखट-खारं प्रत्येकाचं आपापलं, गोड मात्र सगळ्यांत मिळून. पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट यांचे पहिले चार घास स्वर्गीय लागतात आणि दहाव्या घासाला जीव जड होतो. सहा जणांत दोन गोड प्लेट्स मधोमध ठेवल्या तर सगळ्यांना ते चार घास मिळतात. ते शेवटी येऊ द्या, दुसऱ्या कॉफीबरोबर. सोबत काहीतरी ताजं, आंबट किंवा कुरकुरीत असावं, फळं किंवा सॅलड, नाहीतर लोणी आणि चीजच्या थरांनी जीभ लवकर कंटाळते.

कॉफी कितीही वेळा भरून देत असले तरी थोडा हिशेब ठेवा. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मते निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गरोदरपणी २०० पर्यंत. फिल्टर कॉफीच्या एका कपात साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम असतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला पाचेक तास लागतात. दारू घेणाऱ्यांनी आधी खाऊन घ्यावं, कारण रिकाम्या पोटी ती पटकन चढते. गाडी चालवणाऱ्याने मिमोसाही घेऊ नये. त्यात संत्र्याचा रस असला तरी उरलेली शॅम्पेनच असते. आणि जो घेत नाही त्याला कारण विचारू नका.

टेबलावरच्या गप्पा

फोटो काढायचे तर पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या, मग फोन पालथे किंवा पिशवीत. कुणाला घरच्या आजारपणामुळे फोन जवळ ठेवावा लागत असेल तर त्याने सुरुवातीलाच सांगून टाकावं, म्हणजे कुणाला खटकत नाही.

बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर ‘काय चाललंय?’ला ‘काही विशेष नाही’ हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: ‘ती नवीन नोकरी जमतेय का?’, ‘आईचं ऑपरेशन नीट झालं ना?’ मागच्या भेटीतलं कुणीतरी लक्षात ठेवलंय, एवढ्यानेही माणूस मोकळा होतो. ऑफिस किंवा एखाद्या जुन्या वर्गातल्या गोष्टींवर अर्धी मंडळी हसत असतील आणि बाकीची नुसती बघत असतील, तर विषय बदलायची जबाबदारी हसणाऱ्यांची आहे. लग्न कधी, मूल कधी, पगार किती, वजन किती वाढलं, हे प्रश्न भर टेबलावर कुणाला विचारू नका. कुणी आपणहून काही जड, दुखरं बोलू लागलं तर मात्र ते हसण्यावारी नेऊ नका. टेबल क्षणभर शांत झालं तरी होऊ द्या.

बिल

मैत्रीत सगळ्यात जास्त अढी इथे पडते, आणि ती बोलून दाखवली जात नाही. म्हणून बिल कसं भागवायचं हे मागवायच्या आधी ठरवा. ‘समान वाटू या’ हे ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण २००४ साली अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगळंच चित्र दिसलं. बिल समान वाटलं जाणार हे कळल्यावर माणसांनी स्वतःपुरतं भरायचं असतं तेव्हापेक्षा जास्त मागवलं, आणि तरीही आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना ज्याचं त्याने भरणंच पसंत होतं. म्हणजे समान वाटणी बऱ्याच जणांना मनातून नको असते, फक्त बोलणार कोण? जो कमावत नाही, ज्याच्यावर कर्ज आहे, जो दारू पीत नाही किंवा ज्याने नुसतं सॅलड घेतलं, तो दर वेळी गप्प बसून इतरांचं भरतो आणि मग येणंच बंद करतो.

सगळ्यांनी जवळपास सारखंच खाल्लं असेल तर समान वाटा, हिशेबाची कटकट नको. फरक मोठा असेल तर ज्याचं त्याने. कर आणि सेवाशुल्क वाटायची सोपी रीत अशी: बिलाची अंतिम रक्कम पदार्थांच्या बेरजेने भागा आणि येणाऱ्या आकड्याने प्रत्येकाची बेरीज गुणा. समजा पदार्थांचे झाले ४,००० आणि अंतिम बिल ४,६००. भागाकार १.१५. ज्याने ५०० चं खाल्लं त्याचे ५७५, ज्याने ९०० चं खाल्लं त्याचे १,०३५. मधोमध ठेवलेल्या प्लेटची किंमत खाणाऱ्यांत आधी वाटून प्रत्येकाच्या बेरजेत मिळवायची. दारूचं बिल पिणाऱ्यांनीच वाटून घ्यावं, यावर चर्चासुद्धा नको.

एकाने सगळं भरायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाठवायचं, हे सर्वांत सुटसुटीत. मात्र पैसे टेबलावरून उठायच्या आत पाठवा. मित्राकडे पैसे मागणं फार जिवावर येतं, ती वेळ त्याच्यावर आणू नका. वाढदिवस असलेल्याचं कुणी भरायचं, हेही त्याच्यासमोर ठरवू नका. टिप ठेवायची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. सेवाशुल्क बिलात धरलं आहे का ते बघून ठरवा, आणि तीन तास बसला असाल तर वेटरने त्या टेबलावर दुसरं गिऱ्हाईक घेतलेलं नाही हे लक्षात ठेवून हात सैल सोडा.

उठताना

बिल भरून झालं, कप रिकामे झाले आणि दारात माणसं ताटकळत असतील तर उठा, गप्पा बाहेर चालू ठेवता येतात. जवळची बाग, नदीकाठ, पुस्तकांचं दुकान किंवा कुणाचं घर आधीच हेरून ठेवलं असेल तर ज्यांना निघायचं ते निघतात आणि बाकीचे पुढे सरकतात. निघणाऱ्याला अडवू नका.

पुढच्या वेळी पुढाकार कुणी घ्यायचा, एवढं मात्र टेबलावरच ठरवा. तारीख तो नंतर कळवेल. दर वेळी नवा माणूस असला की एकाच्याच डोक्यावर ओझं राहत नाही आणि जागाही बदलत राहते. बिलाची राहिलेली देणीघेणी आणि सगळ्यांचे फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, कारण सोमवार उजाडला की दोन्ही राहून जातात.